हडपसरचा डोंगर आणि शेजाऱ्याचा हक्क

पुण्याच्या कॅम्पातून सोलापूर रस्त्याने निघाले की पुलगेट, फातिमानगर, वैदूवाडी अशी एकेक गर्दी मागे पडत जाते आणि मगरपट्टा चौक येतो. तिथून मुंढवा-खराडीकडे वळले की रस्त्याच्या एका बाजूला मगरपट्टा सिटी आणि दुसऱ्या बाजूला अमनोरा पार्क टाउन लागते. या भागातल्या जुन्या गावाचे नाव साडेसतरा नळी. त्या गावच्या शिवारात आज एक इमारत उभी आहे, जी दुरून पाहताना डोंगररांगेसारखी दिसते. कुठे उंच सुळका, कुठे खिंड, पुन्हा चढ. जवळ गेल्यावर कळते की ही सगळी घरे आहेत, एकमेकांना चिकटलेली, एकाच इमारतीतली. त्यांची संख्या आहे १,०६८.

या इमारतीचे नाव फ्युचर टॉवर्स. २०१८ साली ती पूर्ण झाली. आराखडा नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरातल्या एमव्हीआरडीव्ही या वास्तुरचनाकारांच्या संस्थेचा. १९९३ साली विनी मास, याकोब फान राइस आणि नताली द फ्रीस या तिघांनी ही संस्था काढली; त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव झाले. दाट वस्तीच्या शहरात माणसांनी कसे राहावे, हा या मंडळींच्या आवडीचा विषय. त्यांचा देश लहान, दाटीवाटीचा, त्यातला बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली. जमीन जपून वापरण्याची सवय तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. स्पेनमधील माद्रिद शहरात त्यांनी २००५ साली मिरादोर नावाची २१ मजली इमारत पूर्ण केली. तिच्या पोटात, जमिनीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर, एक मोठी मोकळी जागा सोडलेली आहे. ते रहिवाशांचे अंगण. अंगण वर उचलून नेण्याची तीच कल्पना घेऊन ते पुण्यात आले.

वाचक म्हणतील, उंच इमारतींच्या गोष्टी बिल्डरांच्या जाहिरातींत रोज वाचायला मिळतात, त्या आपल्या मासिकात कशाला? कारण सरळ आहे. पुण्यातली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मोमीनपुरा, गंज पेठ, नाना पेठ, भवानी पेठ आणि कॅम्पातल्या जुन्या घरांतून कोंढवा, मोहम्मदवाडी, हडपसर इकडे सरकली. वाडा, चाळ, बैठे घर सोडून ती फ्लॅटमध्ये आली आणि आता त्यांची मुले तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून विसाव्या मजल्यावर निघाली आहेत. मजला वाढला तरी घरातली माणसे तीच राहतात. बदलतो तो शेजार. आणि शेजार हा आपल्या दीनमध्ये दुय्यम विषय नाही. म्हणून हा डोंगर नीट पाहायला हवा.

मळ्यांचे झाले मजले

हडपसर म्हणजे एके काळी पुण्याची भाजीची टोपली. मुठा कालव्याच्या पाण्यावर इथे मळे फुलत आणि पहाटेच्या गाड्यांतून माल मंडईत जाई. शहर वाढत आले तसे मळे आक्रसत गेले. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी त्या वेळी एक वेगळी वाट काढली. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली मिळून जवळपास ४०० एकर जमीन बिल्डरला तुकड्या-तुकड्यांनी विकण्याऐवजी एकत्र केली आणि २००० सालच्या सुमारास स्वतःच नगर वसवायला घेतले. पुढे राज्य सरकारच्या विशेष नगर वसाहतीच्या धोरणाखाली शेजारी अमनोरा उभे राहिले. दवाखाना, शाळा, रस्ते, बाग सगळे एकाच आवारात, अशी ही नगरे.

हे का घडले, ते आकड्यांवरून समजते. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. २०२१ मध्ये आणखी २३ गावे हद्दीत आली तेव्हा शहराचे क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. शहर आडवे पसरत राहिले तर रस्ता, पाणी, बस सगळेच लांब जाते आणि शेती संपते. म्हणून नियोजनकार म्हणतात, थोडे उभे वाढा. किती उभे वाढायचे हे चटई क्षेत्र निर्देशांकाने ठरते, ज्याला आपण एफएसआय म्हणतो. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक २ असेल तर एकूण २,००० चौरस मीटर बांधकाम करता येते. ते सगळा भूखंड व्यापून दोन मजल्यांत करा, नाहीतर चतकोर भूखंडावर आठ मजल्यांत करा. बांधकाम तेवढेच, पहिल्या प्रकारात अंगण उरत नाही, दुसऱ्यात तीन चतुर्थांश जागा मोकळी राहते.

दाटी आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात येईल. आपल्या ओळखीच्या कित्येक गल्ल्यांत इमारती चार-पाच मजल्यांच्याच असतात. पण दोन इमारतींमध्ये हात लांब केला तर समोरच्या खिडकीचा गज हाती लागतो, भर दुपारी झोपायच्या खोलीत ट्यूबलाइट लावावी लागते आणि मुलांना खेळायला जिना सोडून जागा नसते. तिथे उंची थोडी आणि दाटी भरपूर. अशा घरांत आयुष्य काढलेल्या माणसाला उंच इमारतीचे आकर्षण वाटले तर त्याला हौस म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तो उजेड शोधत असतो.

सुटे मनोरे नकोत, एकच रांग

आपल्याकडे नेहमीची पद्धत अशी की मोकळ्या जागेत सारख्या आकाराचे मनोरे ओळीने उभे करायचे. प्रत्येक मनोऱ्याला स्वतःची लिफ्ट, स्वतःचा जिना, स्वतःचे प्रवेशद्वार. एका मजल्यावर चार दारे. त्या चार दारांपलीकडे कोण राहते हे वर्षानुवर्षे कळत नाही. शिवाय मोठ्या घरांचा मनोरा वेगळा आणि लहान घरांचा वेगळा, म्हणजे श्रीमंत एका लिफ्टने जाणार आणि बेताचे दुसऱ्या लिफ्टने.

डच मंडळींनी इथे सगळे मनोरे एकमेकांना जोडून टाकले. फ्युचर टॉवर्समध्ये नऊ बाहू आहेत. काही १७ मजल्यांचे, काही चढत चढत ३० मजल्यांपर्यंत गेलेले. मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्‌कोनी रेषांवर ते मांडले आहेत आणि त्यांच्यामध्ये चार मोठे चौक सोडले आहेत. बाहू काटकोनात नसल्याने समोरच्याची खिडकी थेट आपल्या खिडकीत येत नाही, नजर तिरपी होऊन मोकळ्याकडे जाते. नऊ बाहूंसाठी लिफ्टचे गट मात्र चारच ठेवले. त्यामुळे खर्च वाचला, आणि लिफ्टमधून उतरून आपल्या दारापर्यंत लांब, सामाईक मार्गिकेतून चालत जावे लागते. ही गैरसोय मुद्दाम ठेवल्यासारखी आहे. चालताना माणसे भेटतात.

या मार्गिका ठिकठिकाणी मोठ्या मोकळ्या सज्जांत उघडतात. डोंगराच्या अंगातून चमच्याने घास काढावा तशा या जागा इमारतीच्या अंगात कोरलेल्या आहेत आणि उजळ, भडक रंगांनी रंगवलेल्या आहेत. लांबून पाहताना राखाडी कड्यात रंगीत गुहा दिसतात, त्या याच. कुठे मुलांनी खेळावे, कुठे मोठ्यांनी बसावे, कुठे एखादा घरगुती समारंभ व्हावा, असा त्यामागचा हेतू. खाली न उतरता, आपल्याच उंचीवर मिळणारे हे अंगण.

घरांचे आकारही मिसळलेले आहेत. सर्वांत लहान घर ४५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ४८५ चौरस फुटांचे. सर्वांत मोठे ४५० चौरस मीटरचे, म्हणजे ४,८०० चौरस फुटांहून मोठे. नव्याने संसार मांडलेले जोडपे, निवृत्त आजी-आजोबा आणि तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब यांनी एकाच छताखाली राहावे, अशी रचनाकारांची कल्पना. हवेचीही साधी युक्ती केली आहे. नळ आणि सांडपाण्याच्या पाइपांसाठी इमारतीत उभे पोकळ मार्ग असतातच. त्यांचाच उपयोग हवा खेळवायला केला, म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली गरम हवा वर निघून जाते आणि घर एसीविना थंड राहायला मदत होते. पुण्यासारख्या हवेत ही शहाणपणाची गोष्ट आहे.

पुणेकराला हे चौक पाहून काय आठवावे? वाडा. जुन्या पुण्यात पहिला चौक, दुसरा चौक असे घर मोजले जाई. चौकात वाळवणे पडत, मुले खेळत आणि भोवतीच्या पडवीतून साऱ्या घरावर नजर राही. उंच बांधण्याची हौसही पुण्याला नवी नाही. १७३० साली पाया घातलेला शनिवारवाडा सात मजली होता असे सांगतात. वरचे मजले लाकूड-विटांचे होते. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या आणि आज आपण पाहतो ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. उंच घराची पहिली परीक्षा आग घेते, हा धडा पुण्याने दोनशे वर्षांपूर्वीच घेतला आहे. त्याकडे पुढे वळू.

उंच घरे आपल्या इतिहासातही

उंच इमारत म्हणजे पाश्चात्त्यांची नक्कल, असा एक समज आपल्यात आहे. इतिहास तसे सांगत नाही. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी इ.स. ६४१ मध्ये वसवलेले इजिप्तमधील फुस्तात हे शहर तीन-चार शतकांत इतके दाट झाले की दहाव्या शतकातील भूगोलकार अल-मुकद्दसी यांना तिथली घरे मिनारांसारखी वाटली. एकेका इमारतीत दोनशेपर्यंत माणसे राहतात अशी नोंद त्यांनी केली. अकराव्या शतकात इराणी प्रवासी नासिर खुसरो तिथे गेले. त्यांनी १४ मजल्यांपर्यंतच्या इमारतींचे वर्णन आपल्या सफरनाम्यात केले आहे. एका घराच्या सातव्या मजल्यावरील गच्चीत बाग होती आणि तिला पाणी चढवणारा रहाट ओढण्यासाठी वर बैल ठेवला होता, असेही ते सांगतात. आजच्या गच्चीवरच्या बागांचे कौतुक करताना तो बैल विसरू नये.

दुसरे उदाहरण येमेनमधील हद्रमौत प्रांतातले शिबाम. मराठवाड्यातल्या वाचकांना हद्रमौत परके नाही. निजामाच्या फौजेत आलेल्या आपल्या चाऊश मंडळींचे मूळ तिकडचे. शिबामची घरे कच्च्या मातीच्या विटांची, पाच-सात मजल्यांची, काही त्याहूनही उंच. बरीचशी सोळाव्या शतकात पुराने झालेल्या नासधुशीनंतर उभी राहिलेली. भोवती तटबंदी, बाहेर खजुरीची शेती. सुपीक जमीन घरांखाली दडपायची नाही म्हणून गाव वर गेले. खालच्या मजल्यावर धान्य आणि जनावरे, वरती कुटुंब. काही घरे वरच्या मजल्यांवर पुलांनी आणि दारांनी एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे बायकांना रस्त्यावर न उतरता शेजारणीकडे जाता येते. हडपसरच्या इमारतीतल्या उंचावरच्या मार्गिका पाहताना शिबामच्या या पुलांची आठवण होते. १९८२ पासून शिबाम जागतिक वारसा यादीत आहे आणि युद्धामुळे २०१५ साली त्याचे नाव धोक्यातील वारशांतही गेले.

तिसरे नाव आपल्याच उपखंडातले. फजलुर रहमान खान, जन्म ढाका, १९२९. शिकागोतील १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर आणि ११० मजली, ४४२ मीटर उंच सिअर्स टॉवर यांच्या सांगाड्यांचे गणित त्यांचे. सिअर्स टॉवर १९७३ पासून पाव शतक जगातली सर्वांत उंच इमारत होती. खान यांची युक्ती सोपी करून सांगायची तर अशी : पूर्वी उंच इमारत आतल्या खांबांच्या जाळ्यावर तोलली जाई, जितकी उंच तितके पोलाद बेसुमार लागे. खान यांनी भार आणि वाऱ्याचा जोर पेलण्याचे मुख्य काम बाहेरच्या भिंतीकडे दिले. बांबू आतून पोकळ असतो, तरी वाऱ्यात टिकतो, तसे. आणि उसाच्या मोळीसारख्या नऊ नळ्या एकत्र बांधल्या तर त्या आणखी भक्कम होतात. सिअर्स टॉवर अशाच नऊ नळ्यांचा आहे आणि त्या वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. हडपसरच्या डोंगरालाही नऊच बाहू, तेही वेगवेगळ्या उंचीचे. योगायोग असला तरी गमतीचा आहे. जगभरातल्या आजच्या उंच इमारती खान यांच्या या विचाराच्या ऋणात आहेत. जेद्दाहच्या विमानतळावर हाजींसाठी तंबूंसारख्या छपरांचे जे प्रचंड टर्मिनल आहे, त्याच्या रचनेतही त्यांचा हात होता. १९८२ साली जेद्दाहमध्येच त्यांचे निधन झाले.

उंचीची स्पर्धा आणि शेजाऱ्याची हवा

इथे एक प्रश्न वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. उंच इमारती बांधण्यात चढाओढ लागणे ही कयामतच्या खुणांपैकी एक, असे हदीसमध्ये आले आहे ना? आले आहे. पण त्यात चढाओढीचा उल्लेख आहे, हे लक्षात घ्यावे. कालपर्यंत ज्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता त्यांनी एकमेकांवर वरचढ ठरण्यासाठी उंच वास्तू उभारणे, हा त्यातला इशारा. तो मिरवण्याला आहे. सुपीक जमीन वाचवण्यासाठी, माणसांना उजेड मिळावा म्हणून घर वर नेणे आणि जगात सर्वांत उंच आपलेच म्हणून ढगात सुळका खुपसणे, या दोन गोष्टींचा हेतू एक नाही. आपल्या शहरांत दोन्ही चालू आहेत आणि फरक ओळखण्याची जबाबदारी आपली आहे.

शेजाऱ्याबद्दल मात्र प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अगदी रोजच्या जगण्यातली आहे. रस्सा शिजवताना त्यात पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्याला पाठवावा, ही सहीह हदीसमधली शिकवण आपल्या आया-आज्यांनी पाठ न करता पाळली. शेजाऱ्याची हवा अडेल इतके घर त्याच्या परवानगीशिवाय उंच करू नये, असेही एक वचन सांगितले जाते. त्याची सनद विद्वान दुबळी मानतात, पण आशय न्यायाचा आहे. जुन्या मुस्लिम शहरांतल्या काजींसमोर खिडकीचे खटले येत. आपल्या नव्या खिडकीतून दुसऱ्याच्या अंगणात नजर जात असेल तर ती बुजवावी लागे. आज हे काम नगररचनेचे नियम करतात. दोन इमारतींत किती अंतर हवे ते ठरवतात. पण नियमात बसणारे अंतर आणि माणसाला पुरणारे अंतर यांत फरक असतो. हडपसरच्या रचनेत खिडक्या तिरप्या ठेवून आणि सज्जे आत ओढून हा फरक भरून काढायचा प्रयत्न दिसतो. पडद्याचा विचार करणाऱ्या आपल्या बहिणींना त्याचे मोल चटकन कळेल.

एक छोटी गोष्टही इथेच सांगतो. आपले नेहमीचे फ्लॅट चौकोनी असतात, त्यामुळे पश्चिमेची भिंत धरून मुसल्ला अंथरला की काम होते. तिरप्या भिंतींच्या घरात अंदाज चुकतो. पुण्याहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे. अशा घरात राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी होकायंत्राने दिशा पाहून फरशीवर खूण करून ठेवावी.

घर पाहायला जाताना

कुठल्याही उंच इमारतीत घर घेणाऱ्यांनी नमुना फ्लॅटच्या सजावटीपेक्षा काही साध्या गोष्टी आधी तपासाव्यात. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबण्यासाठी ठरावीक मजल्यांवर मोकळी आश्रयाची जागा ठेवावी लागते. ती खरोखर मोकळी आहे की तिथे जुने फर्निचर आणि सायकली रचल्या आहेत, हे वर जाऊन पाहावे. राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार अग्निशमन यंत्रणेची तपासणी वेळच्या वेळी होते का, हे सोसायटीला विचारावे. वीज गेली तर लिफ्ट आणि पाण्याचा पंप जनरेटरवर चालतो का, तेही विचारावे. विसाव्या मजल्यावर पाणी हातपंपाने चढत नाही. प्रत्येक बादलीमागे वीज जळते आणि तिचे पैसे देखभाल खर्चात दर महिन्याला येतात. घराच्या हप्त्याबरोबर हा खर्चही आयुष्यभराचा आहे, हे कुटुंबाने एकत्र बसून मांडावे.

लिफ्ट एवढी मोठी आहे का की स्ट्रेचर आडवे आत मावेल? आजाऱ्यासाठी हे लागते. आणि स्पष्ट बोलायचे तर जनाजा उतरवण्यासाठीही लागते. उंच घरांत मौत झाल्यावर गुस्ल कुठे द्यायचा, डोला कुठे ठेवायचा, चार माणसांनी खांदा कुठून द्यायचा, हे प्रश्न त्या दिवशी सुचून उपयोग नसतो. वाड्याच्या चौकाने हे सगळे न सांगता सांभाळले होते. नव्या इमारतींत सामाईक सभागृह किंवा तळमजल्यावरची एखादी बंदिस्त जागा अशा वेळी कुणालाही, कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला, वापरता यावी असा ठराव सोसायटीने आधीच करून ठेवावा. मृत्यू सगळ्यांच्याच घरी येतो.

मस्जिद किती दूर आहे, हाही आपला प्रश्न. हडपसर, सय्यदनगर भागात मस्जिदी आहेत, पण मोठ्या नगर वसाहतीतून पाच वक्त पायी जाणे सगळ्यांना जमणार नाही. वृद्ध वडिलांना सोबत नेणार असाल तर हा विचार आधी करावा. मोहल्ल्यात अजान ऐकून उठणारा माणूस तेविसाव्या मजल्यावर मोबाइलच्या गजराने उठतो, आणि त्याला करमत नाही. ही तक्रार लहान नव्हे.

नकाशात न दिसणारी भिंत

आता सर्वांत अवघड गोष्ट. लहान घर आणि मोठे घर एका मार्गिकेवर आणण्याचे काम नकाशा करू शकतो. वेगवेगळ्या नावांची माणसे एका मार्गिकेवर आणण्याचे काम नकाशाच्या हातात नाही. आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला आहे. एजंट फोनवर गोड बोलतो, भाडे ठरते आणि नाव सांगितले की घर अचानक दुसऱ्याला दिलेले असते. हा अनुभव कोणा एका वसाहतीचा नाही, शहराच्या स्वभावाचा आहे. त्यातून आपली मुले शेवटी तिथेच घर घेतात जिथे नाव विचारले जात नाही, आणि मग लोक म्हणतात, ही माणसे एकत्रच राहतात.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूला, गुजरातमधील पारशी समाजाच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला. म्हणजे कायद्याचे दार उघडे आहे, पण पूर्ण उघडे नाही. घर विकत घेणाऱ्याने सोसायटीचे पोटनियम मागून वाचावेत आणि सदस्यत्वाचा अर्ज लेखी द्यावा. नकार आला तर तोही लेखी मागावा आणि निबंधकांकडे अपील करावे. तोंडी नकारावर घरी परतू नये. भाडेकरूचे संरक्षण याहून कमी आहे, हे मान्य करावे लागेल.

पण आपल्या बाजूचाही हिशेब मांडू. आपल्या लोकांत राहण्याची ऊब खरी आहे. मस्जिद जवळ, हलाल गोश्त जवळ, खाला-फुफी दोन गल्ल्यांवर. ही ऊब सोडायला मन होत नाही आणि तो गुन्हाही नाही. मात्र मुलाने वीस वर्षांचे होईपर्यंत दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या घरी पाणीही प्यायलेले नसेल, आणि त्याच्या कॉलेजमधल्या मित्राने आपल्या घरचा शिरखुर्मा चाखलेला नसेल, तर दोघांचेही नुकसान आहे. शेजाऱ्याचा हक्क सांगताना दीनने शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

फ्युचर टॉवर्सच्या प्रयोगाचीही मर्यादा आहे. ४५ चौरस मीटरचे घरही रिक्षावाल्याला, हमालाला, मोलकरणीला परवडणारे नाही. या १,०६८ घरांत धुणी-भांडी करायला ज्या बायका येतात त्या आसपासच्या वस्त्यांतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांना डोंगराने जवळ आणले, गरीब पायथ्याशीच राहिला. खरी दाट वस्ती त्याचीच आहे आणि खरा प्रयोग त्याच्यासाठी व्हायचा बाकी आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नावाने उभ्या राहणाऱ्या इमारतींत अरुंद अंधाऱ्या मार्गिका आणि बंद खिडक्या का असाव्यात? तिरपी खिडकी, उभ्या पोकळ मार्गातून खेळणारी हवा आणि पाच-सहा मजल्यांमागे एक सामाईक अंगण यांना परदेशी संगमरवर लागत नाही. नकाशावर विचार लागतो.

हे काम कोण करणार? कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये अल्लाना वास्तुकला महाविद्यालय आहे. आपल्या समाजाच्या शैक्षणिक संस्थेने उभे केलेल्या या महाविद्यालयात सगळ्या समाजांची मुले-मुली शिकतात. भवानी पेठेच्या गल्लीत वाढलेल्या मुलीला दाटी पुस्तकातून शिकावी लागत नाही. कपडे कुठे वाळतात, पाहुणा आला की बायका कुठे बसतात, म्हाताऱ्या दादीला दिवसभर उन्हाचा कवडसा कुठे मिळतो, हे तिला पाठ असते. डॉक्टर-इंजिनिअरच्या रांगेत आपल्या मुलांना उभे करताना या शिक्षणाचाही विचार पालकांनी करावा. ढाक्याचा एक मुलगा शिकागोचे आकाश बदलू शकतो, तर पुण्याची मुलगी पुण्याची गल्ली नक्कीच बदलू शकेल.

तोवर जे उंच घरांत राहायला गेले आहेत त्यांच्या हाती एक काम आहे. रचनाकाराने जागा दिली, ती वापरणे रहिवाशांचे. सामाईक सज्जे आणि सभागृहे बहुतेक इमारतींत वर्षभर रिकामी पडून असतात. पुढच्या रमजानमध्ये एका संध्याकाळी आपल्या मजल्यावरच्या सगळ्या दारांवर थाप द्या, सोसायटीची रीतसर परवानगी घेऊन त्या रिकाम्या जागेत चटया अंथरा आणि शेजाऱ्यांना इफ्तारला बोलवा. खजूर, फळे, भजी, सरबत, एवढे पुरे. त्यांच्या दिवाळीच्या फराळाचे ताट घ्यायला दार उघडे ठेवा. रस्सा करताना पाणी थोडे वाढवा. अल्लाह आपल्याला चांगला शेजार देवो आणि आपल्याला कुणाचा तरी चांगला शेजारी करो. आमीन.